लोंबकळत्या चाकांवर आवळलेले बोल्ट: जुन्या बॉक्स्टरचं सस्पेन्शन मुंबईत बदलताना

मुंबईत जुनी स्पोर्ट्स कार विकायला निघाली की जाहिरातीत पहिला आकडा किलोमीटरचा असतो. ‘फक्त ३८ हजार’ वगैरे. इंजिनापुरता तो ठीक आहे, सस्पेन्शनला मात्र तो फारसा लागू पडत नाही. बुशचं, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी नळकांड्यांचं, रबर किलोमीटर मोजत नाही. ते मे महिन्यात बंद पार्किंगमध्ये शिजतं, जुलैत भिजतं, समुद्राकडच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं कडक होत जातं, आणि गाडी हलो न हलो, त्याला भेगा पडतातच. उलट महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिलेली गाडी जास्त संशयास्पद, कारण तिचं रबर एकाच बाजूने दबून तसंच बसलेलं असतं.

आणखी एक विचित्र गोष्ट वारंवार दिसते. कंपनीतून आलेले बुश पंधरा वर्षं टिकतात आणि त्यांच्या जागी घातलेले नवे दोन पावसाळ्यांत फाटतात. मग खापर पार्टवर फुटतं, नाहीतर मुंबईच्या खड्ड्यांवर. खड्डे निर्दोष नाहीत, पण बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं: बोल्ट शेवटचा आवळला तेव्हा चाकं हवेत लोंबकळत होती. या पोस्टचा जीव त्या एका मुद्द्यात आहे. घाई असेल तर थेट ‘बोल्ट कधी आवळायचे’ हा भाग वाचा.

उदाहरणाला पोर्शे बॉक्स्टर ९८७ घेतली आहे, म्हणजे २००४ ते २०१२ या काळात बनलेली दुसरी पिढी. याच काळातल्या केमनचं हाडपेर तेच आहे. बीएमडब्ल्यू झेड४ किंवा मर्सिडीज एसएलकेवाल्यांना पार्टची नावं आणि जागा बदलून घ्याव्या लागतील, रबराचं आणि बोल्टचं शास्त्र तेच राहील.

खाली काय काय असतं

९८७ला पुढे आणि मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट आहे. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच जुडग्यात, वरचं टोक बॉडीला टॉप माउंटमधून, खालची नळी अॅल्युमिनियमच्या नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याच्या) कॉलरमध्ये घुसवून एका आडव्या बोल्टने आवळलेली. खालून नकलला धरणारा आडवा लोअर आर्म. त्याच्या आकारामुळे सगळीकडे त्याला कॉफिन आर्म म्हणतात. या आर्मच्या आतल्या टोकाला रबर बुश, मध्ये आणखी एक बुश आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. मधल्या बुशला एक तिरका दांडा आपल्या दुबेळक्यात पकडतो; हा फोर्क. फोर्कचं दुसरं टोक स्वतःच्या बुशवर चासीच्या बाजूला बसतं आणि ब्रेक मारताना चाक मागे ढकललं जाऊ नये याची जबाबदारी त्याच्यावर असते. शिवाय डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा स्टॅबिलायझर बार, त्याचे दोन मधले बुश, त्याच्या टोकांना दोन लिंक रॉड. पुढे स्टिअरिंगचे टाय रॉड आणि मागे चाकाची दिशा धरून ठेवणारे टो आर्म.

यात रबर नसलेला सांधा जवळजवळ नाहीच.

आवाज कुठून येतोय

सगळं एकदम बदलायची ऐपत असली तरी आधी निदान करा, कारण अर्ध्या वेळा मूळ दोष पाचशे ग्रॅमच्या लिंक रॉडमध्ये असतो आणि गॅरेज चारही शॉकअब्सॉर्बर बदलून देतं.

पेव्हर ब्लॉकचे पट्टे जिथे अजून उरलेत, किंवा काँक्रीटचा रस्ता संपून डांबर सुरू होताना जी बारीक खाच लागते, तिथे २० च्या वेगात पुढून ‘कट-कट-कट’ ऐकू येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर. दोन्ही चाकं एकदम चढतात अशा सरळ स्पीड ब्रेकरवर हा आवाज जवळपास बंद होतो, कारण तेव्हा स्टॅबिलायझर बार पिळला जात नाही. एकच चाक चढेल अशा तऱ्हेने तिरकं घेतलं की परत येतो. एवढी खूण बहुधा पुरते. खात्री हवी तर पुढचे दोन्ही लिंक रॉड सोडून, बार तारेने बांधून, सोसायटीच्या आवारात हळू चक्कर मारा. आवाज गेला तर विषय संपला. बार सोडलेला असताना गाडी हायवेवर नेऊ नका.

एकच जाड ‘धप्’, तोही ब्रेक लावताना किंवा सोडताना, हा फोर्कचा किंवा कॉफिन आर्मच्या मधल्या बुशचा. यासोबत ८० च्या आसपास हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरत असेल तर लोक डिस्क बदलतात. डिस्क वाकडी असूही शकते, पण आधी फोर्क बघा. सैल फोर्क डिस्कचा किंचित दोषही मोठा करून हातापर्यंत पोचवतो.

उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग्’ करून उडी मारल्यासारखी वाटते तेव्हा टॉप माउंटचं बेअरिंग गेलेलं असतं. बॉनेट उघडून एकाने स्ट्रटच्या माथ्यावर बोटं ठेवावीत, दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवावं. झटका बोटांना कळतो. बॉक्स्टरला पुढे इंजिन नाही, डिकी आहे, त्यामुळे माथा सहज सापडतो.

कोस्टल रोडवर किंवा सी लिंकवर वेग धरल्यावर गाडी मागून ‘पोहायला’ लागणं, लेन बदलताना मागचा भाग अर्धा क्षण उशिरा येणं, हे मागच्या टो आर्मचं किंवा मागच्या कॉफिन आर्मच्या बुशचं लक्षण. इथे मात्र आधी टायर बघा. टायरच्या कडेवर तारखेचे चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीत टायरची नक्षी नवीकोरी असते आणि रबर दगड झालेलं असतं. अशा टायरवर नवं सस्पेन्शन घालून काहीही फरक पडत नाही, आणि सस्पेन्शनला नावं ठेवली जातात.

शॉकअब्सॉर्बरसाठी बंपर दाबून गाडी किती वेळा हलते हे मोजायची जुनी पद्धत या गाड्यांना निरुपयोगी आहे. स्प्रिंग कडक, बुशचं घर्षण मोठं. मेलेला शॉकअब्सॉर्बरही परीक्षेत पास होतो. त्यापेक्षा नळी बघा. बाहेर तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला थर असेल तर ठीक, तेलाचा ओघळ असेल तर गेला. टायरच्या पृष्ठभागावर थोड्या थोड्या अंतराने चढउतार हाताला लागत असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारत होतं हे नक्की.

टॉमीने तपासताना

गाडी उचलून, चाक लटकत असताना, लांब टॉमीने (उचकायच्या लोखंडी दांड्याने) आर्म हलवून बघायचा असतो. बुशमध्ये थोडी हालचाल असायलाच हवी, ते रबर आहे. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं, भेग आरपार गेलेली दिसली किंवा आतली धातूची नळी मध्यावरून सरकून एका बाजूला टेकलेली दिसली, तर तो संपला. नुसत्या वरवरच्या केसासारख्या भेगांवरून आर्म बदलायला लावणाऱ्या गॅरेजपासून सावध राहा.

बॉल जॉइंटच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकते. मॅकफर्सन रचनेत गाडीचं वजन स्ट्रटमधून जातं, खालच्या बॉल जॉइंटवर ते नसतं. त्यामुळे जॅक आर्मखाली लावून तपासण्यात अर्थ नाही. जॅक बॉडीच्या ठरलेल्या बिंदूवर लावून चाक पूर्ण लटकू द्यायचं आणि मग आर्म व नकल यांच्यामध्ये टॉमी घालून उचकायचं. चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. फक्त ३ आणि ९ वर हललं तर टाय रॉड. ब्रेक दाबून धरल्यावर १२-६ ची हालचाल थांबली तर बेअरिंगकडे वळा.

बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटला असेल आणि सांधा अजून घट्ट असेल, तरी मे संपायच्या आत त्याचा निकाल लावा. पाऊस सुरू झाला की पाणी आणि रस्त्याची बारीक कच आत जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि दिवाळीपर्यंत तो सांधा खडखडतो. बाकी मोठं काम मात्र पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरनंतर करणं शहाणपणाचं. नव्या आर्म आणि नव्या अलाइनमेंटवर पहिल्याच महिन्यात पाण्याने भरलेला खड्डा झेलण्यात काही मजा नाही.

पार्ट कुठले आणि किती

एका धुरीचं, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकजोडीचं, काम एकदाच करा. पुढची पूर्ण यादी अशी: कॉफिन आर्म २, फोर्क २, लिंक रॉड २, टाय रॉड एंड २, शॉकअब्सॉर्बर २, टॉप माउंट बेअरिंगसह २, बंप स्टॉप २, धूळ अडवणारे बूट २, स्टॅबिलायझरचे मधले बुश २. शिवाय प्रत्येक सेल्फ-लॉकिंग नट नवा. हे नट एकदा उघडले की त्यांची पकड कमी होते. जुने परत वापरून वाचतात ते चाळीस-पन्नास रुपये, आणि खाली लटकत असतो स्टिअरिंगचा सांधा. मागच्या धुरीला टाय रॉडऐवजी टो आर्म, आणि एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून चाकाचा कोन लावायचे बोल्ट) व त्यांचे वायसर हे दोन्ही बाजूंना नवे मागवून ठेवा. का ते पुढे येतं.

शॉकअब्सॉर्बर कधीही एकटा बदलू नका, डावा-उजवा जोडीने. आर्म एकटा बदलला तर चालतं, पण दुसऱ्या बाजूचा त्याच वयाचा आहे हे लक्षात ठेवा.

ब्रँडचं बोलायचं तर आर्म आणि सांध्यांसाठी लेमफोर्डर, टीआरडब्ल्यू, मायले यांच्या वाटेने गेलेलं बरं. लेमफोर्डर आणि शॉकअब्सॉर्बर बनवणारी झाक्स या दोन्ही आता झेडएफच्या घरातल्या. बिल्स्टाइनमध्ये बी४ हा मूळ धाटणीचा, बी६ त्याच लांबीचा पण कडक, बी८ कडक आणि आखूड, खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी. मुंबईत बी८ आणि लोअरिंग स्प्रिंग घालणं म्हणजे प्रत्येक सोसायटीच्या गेटवर पुढचा ओठ घासणं. माझं मत विचाराल तर या शहरात बी४ किंवा झाक्स, मूळ स्प्रिंग, मूळ उंची. ज्यांना कडकपणा हवा त्यांनी आधी टायर आणि अलाइनमेंट नीट करून बघावं.

गाडीला पीएएसएम, म्हणजे बटणावर कडक-मऊ होणारे शॉकअब्सॉर्बर असतील, तर त्याच प्रकारचे घ्यावे लागतात. वायरचा प्लग नसलेले साधे बसवले की डॅशबोर्डवर दिवा पेटतो. मागवताना नुसतं ‘बॉक्स्टर २००८’ सांगू नका, चासी नंबर द्या. एकाच वर्षात पार्ट बदललेले असतात.

नवे पार्ट ऑपेरा हाउसच्या बाजूच्या स्पेअर दुकानांतून मागवता येतात, पण बॉक्स्टरचा आर्म फळीवर तयार पडलेला असेल ही अपेक्षा ठेवू नका. तयार असेलच तर त्याची उत्पादनाची तारीख बघा. खोक्यात बंद राहूनही रबर म्हातारं होतं, आणि दहा वर्षं दमट गोदामात पडलेला ‘नवा’ आर्म नवा नव्हे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात. तिथून नकल, स्ट्रटची ब्रॅकेट, अंडरट्रे, जॅकचे पॅड अशी धातूची किंवा प्लॅस्टिकची वस्तू जरूर घ्या. वापरलेला आर्म, वापरलेला शॉकअब्सॉर्बर घेऊ नका, तो तुमच्यापेक्षा जास्त खड्डे बघून आलाय. हाय-टेन्साइल बोल्ट, चांगल्या गोट्या (सॉकेट), सांधा ओढून सोडवणारा पुलर यांसाठी नागदेवीचा हत्यारांचा बाजार. बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा जुन्याशी जुळवा, १०.९ च्या जागी ८.८ बसतो, आवळतोही, आणि मग कधीतरी ताणला जातो.

लेथवाल्याकडे नेऊन जुन्या आर्ममध्ये नवा बुश दाबून घेणं हा स्वस्त मार्ग. मारुतीच्या लोखंडी आर्मवर तो चालून जातो. अॅल्युमिनियमच्या आर्ममधून जुना बुश घणाने ठोकून काढला की भोक लंबगोल होतं आणि नवा बुश त्यात फिरायला लागतो. शिवाय अशा बुशमध्ये रबराला मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे बुश एका दिशेत मऊ आणि दुसऱ्या दिशेत कडक राहतो. प्रेसवाल्याने बुश नव्वद अंश फिरवून दाबला तर ब्रेकिंगसाठी कडक हवं तिथे मऊ होतं. लेथवर करायचंच असेल तर काढण्याआधी आर्मवर खूण करा, आणि रबराला तेल-ग्रीस न लावता साबणाचं पाणी लावायला सांगा. साधं तेल नैसर्गिक रबर फुगवतं.

पॉलियुरेथेनचे बुश हा वेगळा रस्ता. ते आतल्या नळीवर फिरतात, पिळले जात नाहीत, आयुष्य मोठं. पण रोजच्या शहरी वापरात प्रत्येक खाच पाठीला कळते, आणि एका पावसाळ्यात आतलं सिलिकॉन ग्रीस धुतलं गेलं की जुन्या दाराच्या बिजागरीसारखे करकरतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांना ठीक.

जागा आणि जॅक

सोसायटीत काम करायला सेक्रेटरीची परवानगी मिळाली असं धरून चालू. पोडियम पार्किंगच्या फरशीवर घोडीचे (उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडचे) चार लहान पाय थेट ठेवू नका, फरशी फुटते आणि घोडी कलते. प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायवुडचा दीड फुटी तुकडा. उतारावर काम नको. साधा ट्रॉली जॅक या गाडीखाली शिरत नाही. कमी उंचीचा जॅक घ्या किंवा चाकं आधी दोन इंच जाड फळ्यांवर चढवा. उचलायचं ते बाजूच्या चार ठरलेल्या बिंदूंवर, अंडरट्रेवर किंवा खालच्या आडव्या अॅल्युमिनियम पट्ट्यांवर नव्हे. चाकाला स्टड नाहीत, बोल्ट आहेत. चाक परत चढवताना एक गाइड पिन भोकात फिरवून ठेवली की कमरेचे हाल वाचतात.

सोडवताना

गाडी उचलण्याआधी, सपाट जागेवर, चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. पेट्रोलची टाकी जवळपास भरलेली असू द्या. हे चार आकडे पुढे सगळ्यात महत्त्वाचे आहेत. त्याच वेळी पुढच्या टॉप माउंटभोवती रंगाने रेघ मारा. पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर झुकाव, तिथल्या लांबट भोकांत सरकवून लावलेला असतो, खूण नसेल तर अलाइनमेंटपर्यंत गाडी तिरकी चालते.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टना गंज सोडवणारं तेल मारा. लोखंडी बोल्ट, अॅल्युमिनियमची नकल आणि खारं पाणी हे मिळून बोल्ट जागच्या जागी जखडतात. जोर लावताना बोल्ट वळायच्या ऐवजी पीळ घेतोय असं हाताला जाणवलं तर थांबा, परत तेल, थोडी उष्णता, पुढे-मागे पाव फेरा.

ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून मोकळी करा. कॅलिपर काढला तर तारेने स्प्रिंगच्या जागी टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. झेनॉन दिव्यांच्या गाडीत उंची मोजणारे सेन्सर सस्पेन्शनला जोडलेले असतात. त्यांचा बारीक दांडा विसरलात तर आर्म खाली येताना तो मोडतो.

बॉल जॉइंटसाठी पुलर वापरा. नकलवर हातोडा मारून सांधा उडवायची पद्धत लोखंडी नकलची आहे. अॅल्युमिनियमला तडा जातो. दोन दात्यांची पाचर ठोकली तर बूट फाटतो, म्हणून ती सांधा टाकायचाच असेल तेव्हाच. नट अर्धा सोडल्यावर सांध्याचा पूर्ण खिळाच फिरायला लागला तर आर्मखाली जॅक लावून किंचित दाब द्या, निमुळता भाग घट्ट बसतो आणि नट निघतो.

स्ट्रट नकलच्या कॉलरमधून निघत नसेल तर आडवा बोल्ट पूर्ण काढून कॉलरची फट स्प्रेडरने केसभर उघडायची. केसभर म्हणजे केसभर. छिन्नी ठोकून फट रुंद केली की कॉलरला चीर जाते आणि नकलचा खर्च येतो.

मागे दोन अडचणी. स्ट्रटचे वरचे नट छताच्या घडीखाली, कार्पेटमागे लपलेले असतात. छत अर्धवट उघडं ठेवून तिथे पोचावं लागतं. दुसरी, नकल मोकळी झाली की ती ड्राइव्हशाफ्टला घेऊन खाली झुकते. तिला जॅकचा आधार द्या, नाहीतर शाफ्टचा सांधा हद्दीपलीकडे वाकतो आणि त्याचा बूट फाटतो.

मागच्या कॉफिन आर्मचा आतला बोल्ट आणि टो आर्मचा बोल्ट एक्सेंट्रिक आहेत, कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय तो कोन) त्यांच्यावर लागतो. हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरतो, पण सोबत नळीही फिरते आणि रबर पिळत राहतं. अशा वेळी कापण्याशिवाय इलाज नसतो. ब्लेड बुश आणि ब्रॅकेटमधल्या फटीतून चालवायचं. नवे एक्सेंट्रिक बोल्ट आधी मागवा असं वर म्हटलं ते यासाठी. नसतील तर गाडी आठवडाभर घोड्यांवर आणि सेक्रेटरी दारात.

स्प्रिंग

स्प्रिंग दाबण्याचं काम घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. बाजारात मिळणारे दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर घसरले तर स्प्रिंग माणूस बघत नाही. भिंतीला किंवा स्टँडला जोडलेला कॉम्प्रेसर ज्या वर्कशॉपमध्ये आहे तिथे स्ट्रट घेऊन जा, जुना-नवा जोडून आणा.

तिथे उभं राहून तीन गोष्टी बघा. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलंय ना. वरचा नट गनने (यांत्रिक पान्याने) न आवळता, पिस्टनचा दांडा अॅलन पान्याने धरून हाताने आवळतायत ना. गनने दांडा फिरतो आणि आतलं सील पहिल्याच दिवशी जखमी होतं. बंप स्टॉप आणि बूट नवे घातलेत ना, कारण चुरा झालेला जुना बंप स्टॉप तसाच ठेवला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात नवा शॉकअब्सॉर्बर तळाला आपटतो. दुहेरी नळीचा शॉकअब्सॉर्बर असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढायची. एकेरी नळीच्या गॅसवाल्याला याची गरज नाही.

स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा हाताने पुसून बघा. रंग उडून गंज धरलेली स्प्रिंग तिथेच तुटते.

बोल्ट कधी आवळायचे

रबर बुशमध्ये काहीही घसरत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबलेली, आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेली, मधलं रबर दोघींना चिकटलेलं. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत सुटतं, बस. ज्या क्षणी बोल्ट आवळला जातो, त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो त्या बुशचा ‘आरामाचा कोन’ ठरतो.

आता हिशोब करा. समजा बुशपासून बॉल जॉइंटपर्यंत आर्म ३५ सेंटिमीटर आहे आणि लटकलेलं चाक नेहमीच्या उंचीपेक्षा साडेआठ सेंटिमीटर खाली आहे. हा कोन जवळपास १४ अंश होतो. लटकत्या चाकावर बोल्ट आवळून गाडी खाली सोडली की बुश जन्मापासून १४ अंश पिळलेला. पार्किंगमध्ये उभी असतानाही पिळलेला. खड्ड्यात चाक वर गेलं की अजून १०-१२ अंश त्यावर चढतात. रबर धातूपासून सुटतं ते असंच. वर हा पीळ स्प्रिंगसारखा काम करतो, गाडी काही मिलिमीटर उंच बसते, आणि अलाइनमेंट त्या खोट्या उंचीवर लागतं. काही आठवड्यांत बुश फाटून गाडी खाली येते आणि टायरची आतली कड खायला लागते.

दोन खांबांच्या लिफ्टवर काम करणाऱ्या गॅरेजमध्ये हे सहज घडतं, कारण तिथे चाकं लटकतातच आणि गन हातात असते.

उपाय साधा आहे. सगळे पार्ट बसवा, बुशमधून जाणारे बोल्ट फक्त हाताने टेकवा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉडचे गोलाकार सांधे, स्ट्रटच्या कॉलरचा बोल्ट यांना कोनाचं बंधन नाही, ते लगेच पूर्ण आवळून टाका. मग नकलखाली, लाकडी ठोकळा ठेवून, जॅक लावा आणि हळूहळू वर घ्या, चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डपर्यंतचं अंतर तुम्ही लिहून ठेवलेल्या आकड्याइतकं होईपर्यंत. गाडी घोडीवरून उचलली जात नाहीये ना हे डोळ्यांनी बघत राहा. या उंचीवर कॉफिन आर्मचा आतला बोल्ट, मधला बोल्ट, फोर्कचा बोल्ट, टो आर्मचा बोल्ट, असे सगळे टॉर्क पान्याने शेवटचे आवळा. जुन्या स्प्रिंग बदलून नव्या घातल्या असतील तर जुना आकडा थोडा खोटा ठरतो. मग गाडी खाली सोडा, थोडी पुढे-मागे फिरवून बसू द्या आणि शेवटचं आवळणं चार खांबांच्या लिफ्टवर किंवा खड्ड्यावर, चाकांवर वजन असताना करा. अलाइनमेंटच्या रॅकवर चढवल्यावर करून घेणं सर्वांत उत्तम. मागचे एक्सेंट्रिक बोल्ट तसेही तिथे परत सुटणार असतात.

टॉर्कचे आकडे वर्कशॉप मॅन्युअलमधून, तुमच्या मॉडेल वर्षाचे घ्या. चाकाच्या बोल्टला १३० न्यूटन मीटर. थ्रेडवर ग्रीस लावायची सवय असेल तर मॅन्युअलने सांगितलंय तिथेच लावा. तेलकट थ्रेडवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.

अलाइनमेंट

रॅकवर जाण्याआधी टायरमध्ये हवा बरोबर, टाकी भरलेली, डिकी रिकामी. क्रम मागून पुढे: मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅम्बर, शेवटी पुढचा टो. उलट क्रमाने केलं तर मागचा टो हलला की गाडीची सरळ रेषाच बदलते आणि पुढचं सगळं परत. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून ‘फक्त टो करून देतो’ म्हणणाऱ्याकडे नव्या आर्मची गाडी नेऊ नका. मागच्या दोन चाकांचा टो नुसता मर्यादेत असून भागत नाही, डावा-उजवा सारखा हवा.

पीएसएमचा, म्हणजे गाडीला घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. काही शे किलोमीटरनंतर, बुश आणि स्प्रिंग बसल्यावर, एकदा परत मोजून घ्या, आणि चाकाचे बोल्ट त्याआधीच, पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरला टॉर्क पान्याने तपासा.

एवढं करून स्टिअरिंग सरळ रस्त्यावर थोडं वाकडं दिसलं, तर काही ठिकाणी स्टिअरिंगचं चाक काढून दोन दाते फिरवून सरळ बसवून देतात. नको म्हणा. दोन्ही टाय रॉड विरुद्ध दिशेने सारख्या फेऱ्यांनी फिरवून ते सरळ आणायचं असतं, दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी टाय रॉडचे लॉक नट सोडून, स्टिअरिंग सरळ करून, ते परत आवळेपर्यंत रॅकवरून गाडी उतरवू देऊ नका.